लिहिणारी कोण आहे?

(महिला संघटनांच्या कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



या सत्रासाठी संयोजकांनी मला दिलेला विषय आहे, 'यंत्रानं लिहिलेला मजकूर ओळखायचा कसा?' विषय ऐकून काहीजणींनी चहाच्या वेळी विचारलं, की हे संगणकवाल्यांचं काम, यात आपण कशाला पडायचं? आपल्यापुढे पोटगीचे दावे पडलेत, रेशनचे प्रश्न आहेत, गावातलं दारूचं दुकान आहे. ते सगळं खरंच आहे. तरी हा विषय मी आपला मानते. का मानते, तेवढं आधी सांगते.

आपल्या चळवळीकडे पैसा कधी नव्हता, सत्ता नव्हती. होता तो बायकांचा अनुभव. एकीनं गटात बसून 'माझ्या बाबतीत असं झालं' म्हणायचं, दुसरीनं 'माझ्याही' म्हणायचं, आणि दहाजणींचं ऐकून झालं की हा आपल्या नशिबाचा भाग नाही, हे सगळीकडे चाललंय, असं सगळ्यांच्या लक्षात यायचं. मोर्चे, मागण्या, कायद्यातले बदल हे सगळं त्यानंतरचं. आता हे बोलणं सतरंजीवरून पुष्कळसं फोनवर गेलं आहे. जिल्ह्याचे ग्रुप आहेत, बचत गटांचे आहेत, एकट्या राहणाऱ्या बायकांचे आहेत. ज्या बाईला घराबाहेर पडता येत नाही ती तिथे बोलू शकते, ही मोठीच सोय झाली. पण चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वांसाठी खुलं झालं, आणि त्यापाठोपाठ तसलीच इतर यंत्रं आली. आज कुणालाही, फुकटात, मिनिटभरात, मराठीतसुद्धा, कधीच न घडलेल्या छळाची कहाणी 'मी'च्या तोंडून लिहून मिळते. म्हणजे आपलं जे एकमेव भांडवल, त्याचीच नक्कल बाजारात आली आहे. म्हणून हा आपला विषय.

हे नुसतं भय नाही. घडलेली गोष्ट सांगते. 'रेडिट' नावाची इंटरनेटवरची एक फार मोठी जागा आहे. तिथे विषयवार चर्चा चालतात. त्यातल्या एका चर्चेचं नावच 'माझं मत बदला' अशा अर्थाचं आहे. एखाद्यानं आपलं मत मांडायचं आणि इतरांनी युक्तिवाद करून ते बदलायचा प्रयत्न करायचा, अशी तिथली रीत. सभासद ३८ लाखांच्या आसपास. स्वित्झर्लंडमधल्या झुरिक विद्यापीठाच्या काही संशोधकांनी नोव्हेंबर २०२४ ते मार्च २०२५ या काळात तिथे खोट्या नावांनी खाती उघडली, आणि यंत्राकडून लिहून घेतलेली १,७०० हून अधिक उत्तरं टाकली. सभासदांना याची कल्पना दिली नव्हती. त्या जागेच्या नियमांतही हे बसत नव्हतं.

आता यंत्रानं कोणकोणती सोंगं घेतली ती ऐका. एका ठिकाणी ते अल्पवयात लैंगिक अत्याचार झालेला पुरुष झालं. एका ठिकाणी अत्याचारग्रस्तांबरोबर काम करणारं समुपदेशक झालं. एका ठिकाणी कौटुंबिक हिंसाचाराच्या निवारागृहात काम करणारी व्यक्ती. आणखी एका ठिकाणी, कृष्णवर्णीयांच्या 'ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर' चळवळीला विरोध असणारा कृष्णवर्णीय माणूस. शिवाय ज्याला उत्तर द्यायचं त्याचं आधीचं लिखाण दुसऱ्या यंत्राकडून वाचून घेऊन त्याचं वय, लिंग, राहण्याचं ठिकाण, राजकीय कल यांचा अंदाज बांधला होता, म्हणजे उत्तर त्याच्या मापाचं शिवता येईल. आणि यंत्रानं कां-कूं करू नये म्हणून त्याला सांगून ठेवलं होतं, की या सगळ्या माणसांनी संमती दिलेली आहे. संमती हा शब्द आपल्याला चांगला माहीत आहे. तो असाही वापरला गेला.

एप्रिल २०२५ मध्ये त्या चर्चेच्या व्यवस्थापकांनी ही गोष्ट सभासदांपुढे उघड केली आणि मोठा गदारोळ झाला. विद्यापीठानं प्रमुख संशोधकाला ताकीद दिली. संशोधकांनी निष्कर्ष प्रसिद्ध करायचे नाहीत असं ठरवलं. पण त्यांच्या मसुद्यात दोन दावे होते. एक असा, की माणसांच्या उत्तरांच्या तुलनेत यंत्राच्या उत्तरांनी मत बदलण्याचं प्रमाण तीन ते सहा पट होतं. दुसरा असा, की इतक्या महिन्यांत, हे लिहिणारं यंत्र असेल अशी शंका सभासदांपैकी कुणी घेतल्याचं दिसलं नाही. पहिला आकडा बाजूला ठेवू, तो कुणी तपासून छापलेला नाही. दुसरी गोष्ट मात्र विचार करण्यासारखी आहे. तिथली माणसं वाद घालण्यात तरबेज, शब्दाशब्दाचा कीस काढणारी. त्यांनाही ओळखता आलं नाही.

का ओळखता आलं नाही, याचं एक उत्तर २०२३ साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात मिळालं होतं. एकूण ४,६०० जणांना माणसांनी स्वतःबद्दल लिहिलेले मजकूर आणि यंत्रानं लिहिलेले तसेच मजकूर वाचायला दिले. नोकरीसाठी, घर भाड्यानं देण्यासाठी, जोडीदार शोधण्यासाठी माणसं स्वतःची जी ओळख लिहितात, तसले. ओळखण्याचं प्रमाण आलं ५० ते ५२ टक्के. म्हणजे नाणं उडवून सांगितलं असतं तरी जवळपास तेवढंच आलं असतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, लोक कशावरून ठरवत होते? मजकुरात 'मी' असला, घरच्या माणसांचा उल्लेख असला, बोलण्यासारखी भाषा असली, की तो माणसानं लिहिलेला, असं लोक धरून चालत होते. नेमकं हेच यंत्राला सहज जमतं. त्याला 'मी' म्हणायला काही लागत नाही. आई, नवरा, लेकरू हे शब्द त्यालाही येतात.

यंत्र लिहितं कसं, ते साध्या शब्दांत सांगते. माणसांनी आजवर लिहिलेल्या मजकुराचे ढीगच्या ढीग त्याला वाचायला दिलेले असतात. त्यातून कोणत्या शब्दानंतर कोणता शब्द येण्याची शक्यता जास्त, हे ते शिकतं आणि त्या अंदाजानं शब्दापुढे शब्द ठेवत जातं. सांगतं आहे तो दिवस त्यानं पाहिलेला नसतो. त्यामुळे नेहमी जसं लिहिलं जातं तिकडे त्याचं लिखाण झुकतं. यावरून काही खुणा सांगितल्या जातात, त्या मीही पाहिल्या आहेत. परिच्छेद सगळे सारख्या मापाचे. प्रत्येकाच्या शेवटी बोधवाक्य. 'हे केवळ माझं दुःख नाही, तर प्रत्येक स्त्रीचा आवाज आहे', या धाटणीची वाक्यं. जिथे तिथे तीन-तीन शब्दांची माळ: धैर्य, आशा आणि परिवर्तन. इंग्रजीतून आल्यासारखी वाक्यरचना. कहाणी सरळ रेषेत जाते: लग्न, छळ, एक निर्णायक क्षण, मग उजेड.

आपल्याकडे सल्ला केंद्रात येणारी बाई अशी बोलत नाही. ती सुरुवात गॅसच्या टाकीपासून करते. मग नणंदेच्या लग्नाचं कर्ज येतं, मग धाकट्याचा ताप, आणि मार खाल्ल्याचं ती उठता उठता दारात सांगते. पोलीस स्टेशनला गेल्याचं सांगताना कायदा सांगत नाही. बाकावर किती वेळ बसवून ठेवलं, कोण काय बोललं, नुसती एन.सी. घेऊन घरी कसं पाठवलं ते सांगते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि जुन्या ४९८-अ ची जागा कलम ८५ आणि ८६ नं घेतली. तरी बायकांच्या तोंडी 'चारशे अठ्ठ्याण्णव'च आहे. जगलेली गोष्ट अशी वेडीवाकडी येते.

इथवर ऐकून वाटेल, की झालं, खुणा कळल्या. आता याच खुणा उलटून पाहू.

बाई लिहिताना 'मी गेले' म्हणते आणि दोन ओळींनंतर 'मी गेलो' येतं, तेव्हा हे यंत्राचं काम, असं एका बैठकीत एका तरुण कार्यकर्तीनं ठासून सांगितलं. यंत्राची अशी गल्लत होते हे खरं. पण कोल्हापूरकडच्या बायका सर्रास 'मी आलो, मी जातो' म्हणतात. त्यांचं काय करायचं? कहाणी सरळ रेषेत असली तर खोटी म्हणावी, तर जिनं तीच हकिगत पोलिसांना सांगितली, वकिलाला सांगितली, संरक्षण अधिकाऱ्याला सांगितली, कोर्टात सांगितली, तिची हकिगत घासून घासून सरळ झालेली असते. काहीजणी तर धक्क्यानं इतक्या कोरड्या झालेल्या असतात, की दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं स्वतःचं सांगतात. आणि बोधवाक्यांचं म्हणाल, तर आपली प्रसिद्धिपत्रकं काढून बघा. 'सक्षमीकरणाच्या दिशेने एक महत्त्वपूर्ण पाऊल', 'महिलांनी मोलाची भूमिका बजावली', 'परिवर्तनाची नांदी ठरेल'. हे आपण यंत्र यायच्या कितीतरी आधीपासून लिहितो आहोत. असल्या लिखाणातूनच तर यंत्र शिकलं. प्रशिक्षणांना जाऊन आलेली गावातली कार्यकर्ती हीच भाषा उचलते, कारण ती प्रतिष्ठेची भाषा म्हणून आपणच तिच्यापुढे ठेवली. तिनं मन लावून लिहिलेली चार वाक्यं आता यंत्राची ठरणार का?

मग काहीजणी म्हणतात, आपण कशाला अंदाज करायचा, ओळखणारी यंत्रंही निघाली आहेत. निघाली आहेत. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीनंच जानेवारी २०२३ मध्ये असं एक साधन काढलं. कंपनीच्याच चाचणीत यंत्राच्या शंभर मजकुरांपैकी सुमारे २६ त्याला ओळखता आले, आणि माणसांनी लिहिलेल्या शंभरातले ९ त्यानं यंत्राचे ठरवले. जुलै २०२३ मध्ये अचूकता कमी म्हणून कंपनीनं ते मागे घेतलं. त्याच वर्षी अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी अशी सात साधनं तपासली. इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही अशा विद्यार्थ्यांनी 'टोफेल' परीक्षेसाठी लिहिलेले ९१ निबंध त्यांना दिले. सरासरी ६१ टक्के निबंध यंत्राचे ठरले. अमेरिकेतल्या आठवीच्या मुलांचे निबंध मात्र जवळजवळ सगळे माणसांचे म्हणून सुटले. कारण असं, की परकी भाषा लिहिणारा माणूस थोडक्या, ओळखीच्या शब्दांत लिहितो, आणि ती साधनं साधेपणालाच यंत्र समजतात. गंमत म्हणजे तेच निबंध चॅटजीपीटीला देऊन त्यांतले शब्द भारी करून घेतले, तेव्हा संशय कमी झाला.

यातला अन्याय आपल्याला ओळखीचा वाटायला हवा. भाषा ज्याच्या घरची, तो सुटतो. जी शिकून, धडपडून लिहिते, ती अडकते. मराठीतही हेच होईल. अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी बोलणारी बाई शाळेत शिकलेल्या पुस्तकी मराठीत जपून लिहिते. आजवर तिला 'नीट लिहिता येत नाही' म्हणून गप्प केलं. आता नीट लिहिलं तर 'हे तू लिहिलंच नाहीस' म्हणतील.

बाईच्या शब्दावर अविश्वास ही आपल्या चळवळीची सुरुवातीची लढाई होती, हे तरुण मैत्रिणींसाठी पुन्हा सांगते. देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात १९७२ साली मथुरा या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. सत्र न्यायालयानं तिलाच खोटारडी ठरवलं. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं पोलिसांना शिक्षा दिली, पण १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं, अंगावर जखमा नाहीत, प्रतिकाराची खूण नाही, म्हणून त्यांना सोडून दिलं. १९७९ साली उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लतिका सरकार आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. त्यातून देशभर निदर्शनं झाली, संघटना उभ्या राहिल्या. आणि १९८३ च्या दुरुस्तीनं, कोठडीतल्या बलात्कारात बाईनं 'माझी संमती नव्हती' असं कोर्टात सांगितलं तर न्यायालयानं तसं गृहीत धरायचं, हे कायद्यात आलं. खुणा दाखव मगच विश्वास ठेवू, हे म्हणणं आपण तेव्हा मोडून काढलं. आता तिच्या वाक्यांत खुणा शोधत बसलो, तर आपणच त्या जुन्या जागी जाऊन बसू. आणि ज्यांना बाईचं म्हणणं उडवून लावायचं आहे त्यांना तर आयतं हत्यार मिळालं आहे. 'हे एआयनं लिहिलंय' एवढं म्हटलं की झालं, पुढे उत्तर द्यायला नको.

तेव्हा प्रश्न नीट मांडू. हातानं कुणी लिहिलं, हा आपला प्रश्न कधीच नव्हता. तहसील कचेरीबाहेर अर्ज लिहून देणारे बसत, त्यांच्याकडून किती बायकांनी अर्ज लिहून घेतले. आपण स्वतः कितीजणींचे जबाब, तक्रारी, पत्रं लिहून दिली. भाषा आपली होती, पण म्हणणं तिचं होतं. खाली अंगठा तिचा होता, आणि उद्या कुणी विचारलं तर 'हो, मी सांगितलं' म्हणायला ती होती. आज एखादी बाई फोनमध्ये बोलते आणि यंत्र तिचं बोलणं लिहून, नीट करून देतं. त्या मजकुरात सगळ्या खुणा यंत्राच्या सापडतील. तरी तो तिचाच.

जात्यावरच्या ओव्यांचं उदाहरण घ्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगाव हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. ओवीत ठरलेल्या ओळी किती असतात! तीच उपमा, तोच भाऊराया, तीच सुरुवात. नुसती भाषा पाहिली तर एका साच्यातलं काम वाटावं. पण संग्रह करताना ओवीबरोबर गाणारीचं नाव आणि गाव नोंदवलं गेलं. ओळ सगळ्यांची असली तरी त्या दिवशी कुणी म्हटली हे माहीत आहे. महात्मा फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ताचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. त्याचं बळ शब्दांच्या नवेपणात आहे का? जिच्या जातीवर ते गुदरलं तीच मुलगी बोलते आहे, यात आहे.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. नुसता मजकूर न्याहाळून लिहिणारी ओळखता येत नाही. मजकुरामागे त्याची जबाबदारी घेणारं माणूस आहे का, हे पाहावं लागतं, आणि ते भाषेत दिसत नाही, संबंधात दिसतं. त्यासाठी दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. एक, ऐकणं आणि मदत करणं. दुसरी, त्या मजकुराच्या आधारावर आपण जाहीरपणे काही करणं. पहिल्यासाठी अट नको. दुसऱ्यासाठी भेट हवी.

ग्रुपवर कुणी लिहिलं, 'मला मारहाण होते, काय करू कळत नाही', तर वाक्यं कितीही गुळगुळीत असोत, आपण आधी विचारायचं की आत्ता सुरक्षित आहेस का. १८१ ही महिला हेल्पलाइन, ११२ हा तातडीचा क्रमांक, जवळचं सखी केंद्र, सगळं सांगायचं. समोर यंत्र निघालं, तर आपली पंधरा मिनिटं गेली. समोर बाई होती आणि आपण 'हे एआयचं दिसतंय' म्हणालो, तर ती पुन्हा कुणाशीच बोलणार नाही.

पण त्याच मजकुरात एखाद्या माणसाचं नाव असेल, एखाद्या जातीवर, धर्मावर रोख असेल, पैसे मागितले असतील, 'सगळीकडे पाठवा' म्हटलं असेल, किंवा एखाद्या कायद्याबद्दल मत बनवायला तो पुरावा म्हणून पुढे केला असेल, तर तिथे थांबायचं. आपल्या कुणा कार्यकर्तीनं तिच्याशी फोनवर बोलल्याशिवाय, जमलं तर भेटल्याशिवाय, संघटनेच्या नावानं पुढे जायचं नाही. झुरिकच्या प्रयोगात 'मी स्वतः भोगलं आहे' हे वाक्य दुसऱ्याचं मत वळवायला वापरलं होतं. त्यामुळे स्वतःला विचारायचं, की ही पोस्ट माझ्याकडून काय मागते आहे? मदत मागत असेल तर द्यायची. माझं मत किंवा माझा राग मागत असेल, तर आधी चौकशी.

काही गोष्टी मात्र घरबसल्या तपासता येतात. त्या तपासायच्याच. न्यायालयाचा निकाल सांगितला असेल, तर तो खरंच आहे का ते वकील मैत्रिणीला विचारायचं. न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली दोन वकिलांनी चॅटजीपीटीनं रचलेले, अस्तित्वातच नसलेले निकाल कोर्टात दाखवले आणि ५,००० डॉलरचा दंड ओढवून घेतला. कलम, योजना, फोन नंबर, तारीख पडताळायची. कधी पोस्टच्या डोक्यावर 'नक्कीच! ही घ्या तुमच्यासाठी भावनिक पोस्ट' असं यंत्राचं बोलणं तसंच राहिलेलं असतं. इंग्रजी विकिपीडियानं ऑगस्ट २०२५ मध्ये यंत्रलिखित लेख झटपट काढून टाकण्याचा नियम केला, तोही असल्याच ठोस गोष्टींवर बेतला: यंत्राचं वापरणाऱ्याशी चाललेलं बोलणं मजकुरात राहणं, आणि नसलेले संदर्भ देणं. नुसत्या शैलीवर नाही.

तपासायचं ते बाजूला घेऊन. ग्रुपमध्ये सगळ्यांदेखत 'हे तूच लिहिलंस का?' असं विचारायचं नाही. पुरावा मागायचा नाही, फोटो मागायचे नाहीत. नाव लपवायचा तिला हक्क आहे. ती ग्रुपला अनोळखी राहिली तरी चालेल, एका कार्यकर्तीला माहीत असली म्हणजे पुरे. आणि ओळखण्यासाठी म्हणून तिचा मजकूर उचलून कुठल्या यंत्रात टाकायचा नाही. त्यात तिचं गाव असतं, मुलांची नावं असतात. बलात्कारित स्त्रीची ओळख उघड करणं हा न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, हे आपल्याला पाठ हवं.

शेवटची गोष्ट आपल्या स्वतःच्या घरातली आहे, आणि ती बोलायला थोडी अवघड आहे. देणगीदारांना अहवाल पाठवायचे असतात. 'केस स्टडी' चार हव्यात, उद्या हव्यात. कार्यकर्ती दमलेली, आणि यंत्र समोर. दोन ओळी दिल्या की ते पानभर कहाणी करून देतं, वर अश्रूही घालतं. भाषांतराला, टंकलेखनाला, पत्रकाची भाषा सुधारायला यंत्र जरूर वापरा, आणि वापरलं असं लिहा. पण न भेटलेल्या बाईची कहाणी आपल्या अहवालात एकदा आली, की 'बायका खोटं बोलतात' म्हणणाऱ्यांना पुरावा आपणच लिहून दिला असं होईल. भेटलेल्या बाईच्या तोंडीही तिनं न म्हटलेलं घालायचं नाही. लिहून झालं की तिला वाचून दाखवायचं. ती म्हणेल, 'हे असं नव्हतं, ताई', तर खोडायचं. ही आपली जुनीच पद्धत आहे. ती टिकवली तर आपल्या नावानं आलेला मजकूर खरा असतो, एवढी पत राहील, आणि येत्या काळात ती पत फार लागणार आहे.

आता गटांमध्ये बसून प्रत्येक संघटनेनं आपापल्या ग्रुपसाठी चार नियम लिहून काढावेत. अनोळखी मजकूर आला तर फोन कुणी करायचा, काय तपासायचं, काय विचारायचं नाही, आणि आपण स्वतः यंत्र कुठे वापरणार. गावच्या बैठकीत ते मोठ्यानं वाचा, जिला वाचता येत नाही तिचंही मत घ्या. जे ठरेल ते अंकासाठी पाठवा. पुढच्या भेटीत कुठला नियम चालला आणि कुठला नाही, यावर बोलू.